उसण नव्हे, रक्तस्राव



पाठीत अवचित भरणाऱ्या कळेला आपल्या खेड्यांत उसण म्हणतात. पाण्याची घागर उचलताना, उसाची मोळी खांद्यावर घेताना, कधी नुसते शिंकतानासुद्धा ती भरते आणि चांगला धडधाकट माणूस जागच्या जागी वाकडा होतो. तिच्यावरचा उपायही आपल्याकडे ठरलेला आहे. गावातला पायाळू माणूस शोधायचा आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा. दोन-तीन दिवसांत पाठ मोकळी होते, श्रेय पायाळूला मिळते. त्या श्रेयावरून मला कुणाशी भांडायचे नाही. आखडलेला स्नायू आपला आपण सैल होतो, मग त्याला पाय लागो की न लागो.

आज मी ज्या कळेविषयी सांगणार आहे ती सुरुवातीला हुबेहूब उसणीसारखीच असते. तीही अवचित येते, तीही पाठीत किंवा मानेत येते. पण काही तासांत, कधी काही मिनिटांतसुद्धा, हातापायांना मुंग्या येऊ लागतात, मग पाय जड होतात, मग उचलेनासे होतात आणि लघवी तुंबते. या माणसाच्या कण्याच्या नळीत रक्त साचत असते आणि ते रक्त मज्जारज्जूला दाबत असते. अपघात नाही, मार नाही, पडणे नाही. आपोआप झालेला रक्तस्राव. डॉक्टर मंडळी याला स्पाँटेनियस स्पायनल एपिड्यूरल हिमॅटोमा असे लांबलचक नाव देतात. आपण त्याला कण्यातला रक्तस्राव म्हणू.

हे दुखणे फार विरळा. पाश्चात्त्य देशांतल्या अंदाजाप्रमाणे दहा लाख लोकवस्तीत वर्षाकाठी एखाद्यालाच ते होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून सुमारे ५८ लाख भरली होती. त्या प्रमाणाने पाहिले तर आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाला पाच-सहा माणसे. हा माझा कागदावरचा हिशेब, कुणी घरोघर फिरून केलेली मोजणी नव्हे. आता पाच-सहा माणसांसाठी रेडिओचा वेळ खर्च करावा काय, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे, की वेळेवर ओळखले तर बरे होण्याजोगे जे थोडे पक्षाघात आहेत त्यांत हा एक आहे. आणि तो ओळखण्याची पहिली संधी डॉक्टरांच्याही आधी घरच्या माणसांना मिळते. शिवाय मज्जारज्जूवर दाब आणणारी दुसरीही दुखणी आहेत. मणक्यांमधली चकती सरकते, आत गळू होते, गाठ वाढते. त्यांचीही खूण पुष्कळदा अशीच असते. तेव्हा खूण कळली तर तिचा उपयोग त्या पाच-सहांपुरताच राहणार नाही.

मी स्वतः वैद्य नव्हे, महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण रोगाचे निदान हा तर्काचाच व्यवहार असतो, आणि या रोगाच्या निदानात तर्क कुठे घसरतो ते पाहण्यासारखे आहे.

आधी कण्याची रचना पाहू. शिक्षक बंधुभगिनींना ती वर्गात सांगतानाही उपयोगी पडेल. मणक्यांची एकावर एक उतरंड असते हे तुम्हांला ठाऊक आहेच. प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूने हाडाची एक कमान असते. उतरंड रचली, की या कमानींची मिळून वरपासून खालपर्यंत एक नळी होते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू त्या नळीतून खाली येतो. मोठ्या माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. आणि तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली नुसत्या मज्जातंतूंचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि वैद्यकात त्याचे नावही अश्वपुच्छ असेच पडले आहे. हातपाय हलवण्याचे हुकूम वरून खाली जातात आणि स्पर्शाच्या, वेदनेच्या वार्ता खालून वर येतात, त्या सगळ्या या करंगळीएवढ्या दोरीतून.

या दोरीवर तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे आवरण जाड आणि चिवट. ते आणि हाडाची नळी यांच्यामध्ये थोडी फट उरते. त्या फटीत चरबी असते आणि पातळ शिरांचे जाळे असते. या शिरांचे एक वैशिष्ट्य आहे. आपल्या पायांच्या शिरांत झडपा असतात, विहिरीतल्या पाइपाच्या फूटव्हॉल्व्हसारख्या. वर चढलेले रक्त मागे फिरत नाही. कण्याच्या जाळ्यात अशा झडपा नाहीत. त्यामुळे माणूस जोराने खोकला, शौचाला कुंथला, ओझे उचलताना त्याने श्वास कोंडला, की छातीतला आणि पोटातला दाब थेट या शिरांवर येतो. एखादी शीर फुटते. आता हाडाची नळी काही फुगणारी नव्हे. आत रक्त साचू लागले तर त्याला जागा कुणी द्यायची? जो सर्वांत मऊ तो दबतो, आणि सर्वांत मऊ असतो मज्जारज्जू. मान आणि पाठ जिथे मिळतात त्या भागात, रज्जूच्या मागच्या बाजूला, हे रक्त बहुधा सापडते.

शिरेचा हा खुलासा सर्वांना पटलेला नाही. शिरांतला दाब फार कमी, त्या रक्ताने रज्जू इतक्या झपाट्याने दबणार नाही, तेव्हा एखादी बारीक धमनीच फुटत असली पाहिजे, असे काही तज्ज्ञ म्हणतात. वाद अजून चालू आहे. रोग्याच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही, म्हणून पुढे जाऊ.

मुळात रक्तवाहिनी फुटावी का? चाळीस टक्के किंवा त्याहूनही अधिक रोग्यांत काही कारण सापडतच नाही. काहींच्या कण्यात जन्मतःच रक्तवाहिन्यांचा गुंता झालेला असतो. काहींना हिमोफिलिया असतो, म्हणजे रक्त गोठवणारे एक द्रव्य त्यांच्या अंगात जन्मतःच अपुरे असते. काहींच्या रक्तातल्या प्लेटलेट घटलेल्या असतात. पण आपण ज्याकडे लक्ष द्यावे असे कारण म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

या गोळ्यांची कथा गुरांच्या गोठ्यातून सुरू होते, म्हणून ती तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे अकस्मात रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली किंवा बैल बडवला, की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड नावाच्या पशुवैद्याने शोधून काढले, की स्वीट क्लोव्हर हा चारा ओला राहून बुरसला आणि तो गुरांनी खाल्ला, की असे होते. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन संस्थानातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून गाडी हाकत मॅडिसन शहरी कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. गाडीत मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांना देण्यास मान्यता मिळाली.

आपल्याकडे ज्यांना लहानपणी सांधेज्वर झाला, त्यात हृदयाची झडप बिघडली आणि ती बदलून धातूची बसवावी लागली, अशी माणसे खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना वॉरफरिन किंवा त्याच जातीचे ॲसेनोकुमरॉल जन्मभर घ्यावे लागते, नाही तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. हृदयाचे ठोके अनियमित असलेले वृद्ध आहेत, पायाच्या शिरेत रक्त गोठलेले रोगी आहेत, हृदयविकारानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणारे तर घरोघर आहेत. या गोळ्यांनी लक्षावधी माणसे जगली आहेत. वॉरफरिनच्या जातीच्या गोळ्यांत मात्र एक पथ्य असते. रक्त किती पातळ झाले आहे याची आयएनआर नावाची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते आणि बहुतेकांचा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. काहींना झडपेच्या प्रकाराप्रमाणे थोडा अधिक सांगितलेला असतो. आठवडाभर मेथी-पालक-शेपूवर जोर दिला की आकडा खाली येतो. मध्येच तापासाठी काही प्रतिजैविके घेतली, अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या, कुणी दिलेली अनोळखी पुडी घेतली, की तो भलताच वर जाऊ शकतो. तपासणीला तालुक्याला जाण्याचा दिवस पेरणीत सापडला म्हणून चुकला, मग सुगीत सापडला म्हणून चुकला, असे होत राहते. धोका तिथे असतो.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. हे भाषण ऐकून किंवा वाचून कुणी आपली रक्त पातळ करण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती बंद केल्याने मेंदूत किंवा झडपेवर गुठळी होण्याचे भय कण्यातल्या रक्तस्रावाच्या भयापेक्षा कितीतरी पटींनी मोठे आहे. गोळी चालू ठेवावी आणि तपासणी चुकवू नये.

आता खुणा. दुखणे जिथे रक्त साचले असेल तिथून सुरू होते आणि बहुतेक रोगी त्याचे वर्णन सुरीने भोसकल्यासारखे असे करतात. साधी उसण माणूस निपचित पडला, की थोडी शमते. ही कळ पडून राहिल्यानेही शमत नाही. मानेतली असेल तर खांद्यातून हातात उतरते, पाठीतली असेल तर बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखी वाटते. मग बधिरपणा आणि अशक्तपणा. घरच्या माणसांनी घाबरून न जाता चार गोष्टी पाहाव्यात. आडवे असताना एकेक पाय सरळ ठेवून वर उचलता येतो का? पायाच्या बोटापासून वर छातीपर्यंत कापसाचा बोळा फिरवला तर एखाद्या रेषेखाली स्पर्श कमी होतो का? शेवटची लघवी केव्हा झाली, आणि आता होते आहे का? मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसण्याच्या जागेला, बधिरपणा आहे का? पाठीत कळ आणि यांतली एक जरी गोष्ट बिघडलेली, तर ती उसण समजून घरी थांबू नये. पाठीला पाय लावणे, कणा मोडून घेणे, मानेला झटके देणे हे तर मुळीच नको. मानेला असे झटके दिल्यानंतर कण्यात रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकाच्या नियतकालिकांत आहेत.

लहान मूल असेल तर ते हे काही सांगणार नाही. ते मान धरून रडते, चालायला नकार देते, कडेवर घे म्हणते. हिमोफिलिया असलेले मूल वर्गात असेल तर शिक्षकांना ते आधीच ठाऊक असावे. अशा मुलाने पाठ किंवा मान दुखते म्हटले, की ते निमित्त काढते आहे असे मानू नये, त्याच्या पालकांना त्याच वेळी बोलवावे. त्याला दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन टोचू देऊ नये, कारण स्नायूतच रक्त साचते.

तर्क घसरतो तो यापुढे. डॉक्टरांकडे जो रोगी येतो त्याच्या कपाळावर रोगाचे नाव लिहिलेले नसते. छातीभोवती आवळते म्हणून हृदयविकार वाटतो. कंबर आणि बाजू दुखून लघवी तुंबली म्हणून मुतखडा वाटतो. दोन्ही पाय गेले म्हणून गिलाँ-बारे वाटतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याला या रोगाची साथ आल्यापासून हे नाव आपल्याकडे सर्वांच्या ओठांवर आहे. त्या रोगातही पाय लुळे पडतात, पाठही थोडी दुखू शकते. पण अशक्तपणा साधारणपणे काही दिवसांत चढत जातो आणि छातीवर किंवा पोटावर रेषा ओढल्याप्रमाणे स्पर्श तुटत नाही. गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो की नाही ते पाहण्याची जी परीक्षा आहे, ती या दोघांत नेमका निवाडा करील असे वाटते. पण रज्जूवर अकस्मात दाब आला असता पहिल्या काळात पाय उडत नाही, गिलाँ-बारेतही उडत नाही. म्हणून स्पर्शाची ती रेषा शोधणे महत्त्वाचे.

सर्वांत मोठा चकवा अर्धांगवायूचा. रक्त मानेत एका बाजूला साचले तर एकाच बाजूचा हात आणि पाय लुळा पडतो. आता एका अंगाचा झटका म्हटला, की मेंदूत गुठळी हे कुणाच्याही मनात प्रथम येणार. आजकाल मेंदूतल्या गुठळीवर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, आणि ते योग्यच आहे. पण तेच इंजेक्शन कण्यात रक्तस्राव असलेल्याला दिले तर रक्तस्राव वाढतो. आगीवर पाणी म्हणून रॉकेल ओतावे तसे होते. मग ओळखायचे कसे? तोंड सरळ आहे, जीभ अडखळत नाही, शुद्ध पूर्ण आहे, आणि झटका येण्याआधी मान किंवा पाठ जोराने दुखली आहे. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांना दिसत नाही, ती रोग्याबरोबर आलेल्यानेच सांगायची असते. गर्दीत, घाबरगुंडीत आपण म्हणतो, 'याचा हातपाय गेला हो डॉक्टर!' आणि मान दुखल्याचे सांगायचे राहून जाते.

आणखी एक नाजूक खूण आहे. रज्जूची एकच बाजू दबली तर त्या बाजूचे बळ जाते, आणि दुखण्याची व गरम-गार ओळखण्याची जाणीव मात्र दुसऱ्या बाजूची जाते, कारण त्या वार्तांच्या तारा रज्जूत शिरल्याबरोबर बाजू बदलतात. हे प्रथम उलगडून सांगितले ब्राउन-सेकार्ड यांनी, १८५० च्या सुमारास. हे गृहस्थ जन्माने मॉरिशसचे. त्याच बेटावरच्या उसाच्या मळ्यांत मराठी मुलखातूनही माणसे गेली आणि तिथलीच झाली. उजवा पाय लुळा आणि डाव्या पायाला चटका कळत नाही, असे आढळले तर ते मेंदूचे दुखणे नसून रज्जूचे, हे डॉक्टर त्यावरून ताडतात.

ताडलेले पक्के करायला एमआरआय लागते. साध्या एक्स-रेत हाडे दिसतात, रक्त दिसत नाही. 'फोटो चांगला आला' एवढ्यावर निश्चिंत झालेले घर मी पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सीटी स्कॅनमध्ये रक्त कधी दिसते, कधी निसटते. एमआरआयमध्ये ते रज्जूच्या मागे चरख्याच्या चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते दिसते आणि किती मणक्यांपर्यंत पसरले आहे तेही कळते. त्याच्या छटेवरून रक्त ताजे की शिळे याचा अंदाज येतो. कंबरेतून सुई घालून पाणी काढण्याची तपासणी अशा संशयात करीत नाहीत, कारण रक्त न गोठणाऱ्या रोग्यात ती सुईच नवा रक्तस्राव करील, आणि दाबाचा तोल बिघडून रज्जूला अधिक इजा होऊ शकते. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर एमआरआयच्या दारातच ते सांगावे.

ही सोय गावोगाव असणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. मी म्हणतो ते कऱ्हाडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेले, चोवीस तास नळाला पाणी देण्याच्या योजनेने ज्याचे नाव झाले ते मलकापूर. १९८४ मध्ये इथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आज ते कृष्णा विश्व विद्यापीठाचा भाग आहे. सांगलीच्या बाजूला मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातल्या किंवा शिराळ्याकडच्या माणसाला अंतर हा पूर्वीइतका शत्रू राहिलेला नाही.

मग वेळ जातो कुठे? एक काल्पनिक माणूस घेऊ. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर राहतो, पन्नाशीचा, झडप बदललेला, गोळी चालू. रात्री नऊला जेवून उठताना ठसका लागला आणि दोन खांद्यांच्या मध्ये कळ आली. उसण म्हणून बायकोने बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी दिली. अकरा वाजले. झोप नाही. दोनला पायांना मुंग्या आल्या, 'अवघडलास' असे म्हणून भावाने पाय दाबले. चारला लघवीला उठला तो पाय लटपटून खाली बसला. आता सगळे जागे झाले. पण 'उजाडू द्या' असे ठरले. सातला गावच्या डॉक्टरांकडे, तिथे दुखणे थांबवणारे इंजेक्शन. दहाला तालुक्याला एक्स-रे, तो चांगला. एकला पाय पूर्ण गेले आणि मग गाडी कऱ्हाडच्या वाटेला लागली. सोळा तास झाले. वाट होती ती फार तर दीड तासाची. या हिशेबात दुष्ट कुणीच नाही. बायको नाही, भाऊ नाही, डॉक्टरही नाहीत. प्रत्येकाने समोर दिसले त्यावर उपाय केला. दोनच्या मुंग्या आणि रात्री नऊची कळ यांची सांगड मात्र कुणी घातली नाही.

दोन वाजता ती सांगड पडली असती तर काय करायचे होते? १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. रोग्याला सपाट झोपवून, कणा न वाकवता, चौघांनी एकदम उचलायचे. तोंडाने खायला-प्यायला काही द्यायचे नाही, कारण भूल द्यावी लागेल. बरोबर गोळ्यांचे पाकीट आणि आयएनआरचे शेवटचे कागद. नुसते 'हृदयाची गोळी चालू आहे' असे सांगून चालत नाही. कोणती, किती, शेवटची केव्हा घेतली, हे लागते. आणि निघण्यापूर्वी किंवा वाटेतून त्या रुग्णालयाला विचारायचे, की आत्ता एमआरआय होते का, मेंदू-मज्जारज्जूची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत का. नसतील तर दुसरीकडे. कळ आल्यावर ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारखे काही स्वतःहून घ्यायचे नाही, त्याने रक्त गोठणे आणखी बिघडते.

आता उपचार. या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन जॅक्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८६९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात केले. शस्त्रक्रियेचा पहिला प्रयत्न १८९७ चा, बेन यांच्या नावावर आहे. मधली कित्येक वर्षे निदान शस्त्रक्रियेच्या मेजावर किंवा मरणानंतरच होई. आजची शस्त्रक्रियाही मुळात साधी कल्पना आहे. भूल देऊन रोग्याला पालथे झोपवतात, त्या भागातल्या मणक्यांच्या मागच्या कमानी काढतात, साचलेले रक्त शोषून घेतात, वाहती जागा सापडली तर बंद करतात. रज्जूला हात लावावा लागत नाही, त्याच्यावरचे ओझे तेवढे उतरवायचे.

पण रक्त गोठत नसताना सुरी लावता येत नाही. म्हणून वॉरफरिनच्या जातीची गोळी चालू असेल तर आधी तिचा उतारा. शिरेतून क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व. नावात घोटाळा होतो, म्हणून स्पष्ट करतो. त्याचा पुरा परिणाम व्हायला काही तास लागतात. तेवढा वेळ नसतो, म्हणून जोडीला रक्त गोठवणारी द्रव्ये असलेला प्लाझ्मा किंवा त्यांचे तयार सार देतात. हिमोफिलियाच्या रोग्याला त्याच्यात कमी असलेले फॅक्टर. ॲस्पिरिनला असा सरळ उतारा नाही, तिचा परिणाम आठवडाभर राहतो, तेव्हा सर्जन तराजू तोलून निर्णय घेतात.

किती तासांत शस्त्रक्रिया व्हावी? १९९५ मध्ये लॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कण्यात रक्त साचलेल्या ३० शस्त्रक्रियांचा आढावा छापला. बारा तासांच्या आत ज्यांची शस्त्रक्रिया झाली ते अधिक सुधारले. २००३ मध्ये क्रेपेल आदी जर्मन डॉक्टरांनी जगभरच्या ६१३ रोग्यांच्या नोंदी गोळा केल्या, त्यांचाही कल बारा तासांकडेच. ग्रोन आणि व्हान आल्फेन यांनी १९९६ मध्ये ३३३ शस्त्रक्रिया तपासल्या. त्यांचा निष्कर्ष थोडा दिलासा देणारा आहे. पाय पूर्ण गेलेल्यांत ३६ तासांच्या आत, आणि थोडे बळ शिल्लक असलेल्यांत ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तरी सुधारण्याची शक्यता बरीच होती. तेव्हा बारा तास उलटले म्हणून घरच्यांनी आशा सोडून रोगी परत न्यायचा, असे मुळीच नाही. काल्पनिक गोष्टीतला आपला माणूस सोळा तासांनी पोचला, तरी त्याची शस्त्रक्रिया व्हावी. मात्र या सर्व आढाव्यांत एक गोष्ट समान आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर जाताना ज्याचा पाय थोडा तरी हलत असतो, तो पुढे चालण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. म्हणून मी पहाटे चारपेक्षा दोनचा आग्रह धरतो.

सर्वांनाच सुरी लागते असेही नाही. काही थोड्या रोग्यांत रक्त वर-खाली पसरते, दाब कमी होतो आणि तासाभरात पायांत बळ परत येऊ लागते. अशांना डॉक्टर शस्त्रक्रियेची तयारी ठेवून नुसते नजरेखाली ठेवतात, दर थोड्या वेळाने पाय उचलायला लावतात, पुन्हा एमआरआय करतात. हे रुग्णालयातच व्हायचे. पायात बळ आले म्हणून वाटेतून गाडी माघारी वळवू नये.

खर्चाची काळजी खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली होती. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार बरोबर घ्यावे, आणि रोगी आत गेल्याबरोबर एका माणसाने आरोग्यमित्राकडे जावे. कागद सापडत नाहीत म्हणून गाडी मात्र थांबवू नये, ते दुसऱ्याने मागून आणावेत.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस लांब असतात. बळ कधी आठवड्यात येते, कधी महिने घेते. तोवर लघवीसाठी नळी असते, पुढे ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढायला घरच्यांना शिकवतात. बधिर कातडीला दुखत नाही, म्हणून तिच्यावर जखम झालेली कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा आणि माकडहाड रोज पाहणे, अंथरूण कोरडे ठेवणे, शेकण्याची गरम पिशवी बधिर पायाला कदापि न लावणे. सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपिस्ट जे व्यायाम दाखवील ते रोज घरी करून घ्यावेत. इथे शाळकरी मुलाचीही चांगली मदत होते, कारण त्याला मोजून दहा वेळा पाय हलवायला आवडते.

रक्त पातळ करण्याची गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, हा शेवटचा आणि अवघड प्रश्न. लवकर सुरू केली तर कण्यात पुन्हा रक्त, उशीर केला तर झडपेवर गुठळी. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून तो दिवस ठरवतात. तोपर्यंत जुनी पाकिटे घरात वेगळी बांधून ठेवावीत, गोळी बंद केल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी, आणि सुरू करण्याचा दिवस ठरला की तो त्याच्याच खाली लिहून डॉक्टरांची सही घ्यावी.